३० सप्टेंबरला आपले मूल कोणत्या रकान्यात असते?

मागच्या पावसाळ्यात आमच्या नात्यातली एक भाची आमच्याकडे आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली, लग्न होऊन नागपुरात आलेली. नवरा ऑटो चालवतो. सोबत आठ वर्षांचा मुलगा होता, तिसरीतला. तिने पिशवीतून त्याच्या वह्या काढल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. अक्षर इतके सुबक की पाहत राहावे.

“अक्षर पाहा मामू. आणि आता त्याला यातली एक ओळ वाचायला सांगा.”

मुलाला एक ओळही वाचता आली नाही. शेजारच्या मुलाच्या वहीत पाहून तो अक्षरे उतरवत होता, एवढेच. शाळेत शिक्षिका म्हणत, मुलाचे लक्ष नाही. घरी आजी म्हणे, “इसका अब्बा भी देर से बोला था.” दोन वर्षे अशीच गेली. शेवटी कानाची तपासणी झाली आणि कळले की, दोन्ही कानांनी त्याला फार कमी ऐकू येते. वर्गात शेवटच्या बाकावर बसून तो इतके दिवस फक्त पाहत होता.

भाचीच्या सांगण्यावरून आम्ही तिच्याबरोबर शाळेत गेलो. शाळा मोहल्ल्यातलीच, उर्दू माध्यमाची. एक शिक्षिका दोन वर्ग सांभाळत होत्या. मुख्याध्यापकांनी आदराने बसवले, संगणकावर मुलाची नोंद उघडून दाखवली. विशेष गरजा असलेल्या बालकासाठी जो रकाना असतो, त्यात “लागू नाही” असे भरलेले होते. आम्ही विचारले, असे का? ते म्हणाले, “कागदच नाही तर काय भरू साहेब? आणि शिक्षकाचे म्हणाल, तर पटावर जेवढी मुले धरली गेली तेवढेच पद मिळाले.”

त्यांच्या या दोन वाक्यांनी आम्हाला लेखणी उचलायला लावली. आपल्या घरांत सरकारी शाळेबद्दल बरेच बोलले जाते: शिक्षक नाहीत, जागा नाही, आपल्या मुलांकडे कोणी पाहत नाही. त्यात खोटे फारसे नाही. पण सरकारची शाळा, सरकारचा शिक्षक आणि सरकारची मदत या तिन्ही गोष्टी मोजणीवर चालतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. जे मूल मोजले गेले नाही, त्याच्यासाठी तिजोरीत काहीच नसते. ही मोजणी कशी होते आणि तिच्यात आपले मूल कुठे निसटते, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

जागा: घरापासून किती दूर?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिक्षण, तेही घराजवळच्या शाळेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वय वाढलेले मूल असेल, तर त्याला वयाप्रमाणे वर्ग देऊन विशेष प्रशिक्षणाने बरोबरीला आणायचे, असेही कायदा सांगतो.

नागपूर महापालिका मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या आणि अलीकडे काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. पण गेल्या दोन-तीन दशकांत पालिकेच्या अनेक शाळांना, विशेषतः मराठी शाळांना, कुलूप लागले. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. शाळा एका दिवसात बंद होत नाही. आधी एक-दोन घरे मूल काढून खासगी शाळेत घालतात. पट घसरतो, शिक्षकाचे पद जाते. एका शिक्षकावर तीन वर्ग आले की उरलेली घरेही मुले काढतात. मग कागदावर लिहिले जाते, “विद्यार्थी नाहीत.” मोमीनपुरा, टेका, हसनबाग, ताजबाग या भागांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपण ज्या शाळेत शिकलो तिथे आज काय आहे, ते प्रत्येकजण सांगेल.

आपल्यासारख्या मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांपुढे आणखी एक पेच असतो. गावाकडे मूल मराठी शाळेत असते. शहरात आले की जवळची शाळा उर्दू किंवा हिंदी निघते आणि मराठी शाळा लांब किंवा बंद. इंग्रजी शाळेची फी झेपत नाही. माध्यम बदलले की हुशार मूलही वर्ष-दोन वर्षे मागे पडते आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या प्रवेश वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटांतील मुलांसाठी राखीव आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलले: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही जबाबदारी राहणार नाही. याचा अर्थ शहरातल्या बहुतेक खासगी शाळा यातून सुटल्या असत्या. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. राखीव जागा वाचल्या.

या जागांसाठी आपल्या समाजातून अर्ज कमी येतात, कारण दोन गैरसमज. पहिला असा की, त्या फक्त १ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांसाठी आहेत. ती अट आर्थिक दुर्बल गटाला आहे. वंचित गटात इतर मागासवर्गही येतो आणि त्याला उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी जातीचा दाखला लागतो. मोमीन, पिंजारी-मन्सुरी, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या या यादीत आहेत. पालकाच्या नावाचा जातीचा दाखला काढून ठेवला, तर मुलाला शाळेचे दार उघडते. दिव्यांग मूलही याच वंचित गटात मोडते. दुसरा गैरसमज असा की, ही सोय आपल्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतही मिळते. ती तिथे मिळत नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निकाल दिला. त्या निकालाचा पुनर्विचार मोठ्या पीठाने करावा, असे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी सुचवले आहे. तोवर अल्पसंख्याक शाळेत प्रवेश मिळेल तो संस्थेच्या मर्जीने किंवा तिच्या सवलतीने मिळेल.

शिक्षक: पद कसे येते, कसे जाते?

कायद्याच्या परिशिष्टात हिशेब साफ लिहिलेला आहे. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुले असतील तर २ शिक्षक, ६१ ते ९० असतील तर ३, ९१ ते १२० असतील तर ४, १२१ ते २०० असतील तर ५. दीडशेच्या वर पट गेला की स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे एक शिक्षक. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या प्रत्येकासाठी निदान एक. कोणत्याही शाळेत मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिकामी राहू नयेत, असेही कलम २६ मध्ये आहे.

ही पदे ठरतात ‘संचमान्यते’त, आणि संचमान्यतेचा पाया म्हणजे ३० सप्टेंबरची पटसंख्या. पूर्वी शाळा सांगेल तो पट मानला जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची कितीतरी मुले प्रत्यक्षात नसल्याचे उघड झाले. त्या खोट्या पटाच्या पोटी घेतलेले शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले. मे २०१२ पासून नव्या भरतीवर बंदी आली आणि तिचे चटके पुढे कित्येक वर्षे खऱ्या मुलांना बसले. खोटी मुले दाखवली कोणी आणि शिक्षकाविना राहिले कोण, याचा विचार केला तर मन विषण्ण होते.

आता मुलाची नोंद आधारशी जुळली तरच ते संचमान्यतेत मोजले जाते. इथे आपल्या घरांची अडचण वेगळीच आहे. विदर्भात नाव लिहिण्याची आपली जुनी रीत अशी की, मुलाच्या नावाआधी ‘शेख’, बापाच्या नावाआधीही ‘शेख’. आधारवर तेच ‘शेख’ शेवटी जाते. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे नुसते ‘मो.’. जन्मदाखल्यावर एक, राशनकार्डावर दुसरे. आधार नाही म्हणून मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते वर्गात बसतेच. पण नाव जुळले नाही, तर शिक्षकाच्या हिशेबात ते नसते. ६१ मुलांच्या शाळेत दोन मुलांची नावे जुळली नाहीत, की हिशेब ५९ वर येतो आणि तिसरे पद जाते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी कडक झाले. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुले असतील, तर तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये, अशी त्यातली तरतूद शिक्षक संघटनांना रस्त्यावर आणणारी ठरली. लहान उर्दू शाळांसाठी आणि दूरच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांसाठी एक-एक मूल किती मोलाचे आहे, हे यावरून समजावे.

पद मंजूर झाले तरी माणूस मिळतोच असे नाही. उर्दू माध्यमाच्या शाळांचे जुने गाऱ्हाणे असे की, बिंदुनामावलीप्रमाणे काही पदे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव राहतात, पण त्या प्रवर्गांत उर्दूतून शिकलेले उमेदवार जवळपास नसतातच. पद वर्षानुवर्षे रिकामे राहते आणि कागदावर मात्र भरतीची प्रक्रिया ‘सुरू’ असते. आरक्षणाला आमचा विरोध नाही. तो त्या समाजांचा न्याय्य हक्क आहे. पण उर्दू शाळेत रिकामे राहिलेले पद त्या समाजाच्याही कामी येत नाही आणि वर्गातल्या मुलांच्याही नाही. त्यावर मार्ग काढणे सरकारच्याच हाती आहे.

भरती आता ‘पवित्र’ पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. निवड झालेल्या तरुणाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. त्याचे मानधन वर्षानुवर्षे ६ हजार रुपये होते. २०२३ पासून प्राथमिक शिक्षणसेवकाला १६ हजार मिळू लागले. या पगारावर शहरात घर भाड्याने घेऊन दाखवावे.

आणि मग आपल्या नागपूरचीच ती शरमेची गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये शालार्थ प्रणालीतला घोटाळा बाहेर आला. शालार्थ म्हणजे ज्या संगणकीय प्रणालीतून अनुदानित शाळांचे पगार निघतात ती. बनावट कागदपत्रांवर शालार्थ ओळख क्रमांक देऊन, नियमाने नेमणूकच न झालेल्या लोकांना सरकारी पगार सुरू केल्याचा आरोप आहे. नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांपासून अनेकांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, शेकडो नेमणुका संशयाच्या घेऱ्यात आल्या. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण एकीकडे डी.एड., टीईटी करून मुलेमुली वर्षानुवर्षे घरी बसलेली आणि दुसरीकडे पैसे मोजून पगार सुरू, हे चित्र पाहून कोणत्या आईबापाला चीड येणार नाही? तो पगार कोणत्या तरी वर्गातल्या खऱ्या शिक्षकाचा होता.

आणखी एक बदल पालकांनी ध्यानात ठेवावा. १ सप्टेंबर २०२५ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होण्याची अट घातली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल, त्यांनी दोन वर्षांत ती परीक्षा द्यायची. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेल्याने तूर्त बाजूला आहे. पालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून मात्र येत्या काळात काही अनुभवी शिक्षक कमी होऊ शकतात. रिकाम्या होणाऱ्या जागा वेळेत भरल्या जाव्यात, यासाठी आतापासून विचारत राहावे लागेल.

विशेष गरजा: दहा मुलांमागे एक, की एका केंद्रामागे एक?

आता भाचीच्या मुलाकडे येऊ. शाळेत तिला सांगण्यात आले होते, “विशेष शाळेत घाला.” नागपुरात अशा जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. शंकरनगरात मूक-बधिर विद्यालय आहे, दक्षिण अंबाझरी मार्गावर अंधांसाठी काम करणारी संस्था आहे. पण त्या शहराच्या पश्चिमेला. पूर्वेकडून रोज आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जाणे-आणणे म्हणजे बापाच्या ऑटोचे दोन-तीन तास, म्हणजे घरातली तेवढी चूल.

मुळात निवड कोणाची? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. आंधळेपणा-बहिरेपणाबरोबरच स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, सिकल सेलसुद्धा. विदर्भात सिकल सेल किती आहे, हे आपण जाणतोच. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते घराजवळच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि पालकांची. ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे जा’ असे म्हणण्याचा अधिकार शाळेला नाही. बहुविध किंवा तीव्र दिव्यांगता असेल, तर घरीच शिक्षण घेण्याचा पर्यायही आहे. तोही पालकांनी मागायचा असतो. शाळेने मुलाला घरी बसवण्यासाठी तो वापरायचा नसतो.

हक्क आहे, पण शिकवणार कोण? २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते कायद्याच्या परिशिष्टात घातले: पहिली ते पाचवीत अशा दर १० मुलांमागे एक, सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक. राज्ये हलेनात, म्हणून ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने पदे अधिसूचित करण्याचा पुन्हा आदेश दिला. महाराष्ट्रात समग्र शिक्षा योजनेखाली विशेष शिक्षक अनेक वर्षे कंत्राटावर राबत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण केली. एका शाळासमूहाचे, म्हणजे एका केंद्राचे, एक पद. कंत्राटी शिक्षकांना कायम होण्याची वाट मिळाली, हे चांगलेच झाले. पण राज्यात सगळ्या प्रकारच्या मिळून लाखाहून अधिक शाळा आहेत. ढोबळ भागाकार केला तर एका विशेष शिक्षकाच्या वाट्याला वीसहून अधिक शाळा येतात. कायदा म्हणतो दहा मुलांमागे एक, प्रत्यक्षात वीस शाळांमागे एक. मधली दरी आपल्या मुलांच्या वर्षांनी भरली जाते.

आणखी एक गोंधळ खात्यांचा आहे. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, आता डिसेंबर २०२२ पासून वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. प्रमाणपत्र आरोग्य खात्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून. एका मुलासाठी आई तीन दारांशी उभी राहते आणि प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडे बोट दाखवते.

समग्र शिक्षेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते. त्यातूनच श्रवणयंत्र, चष्मा, चाकाची खुर्ची अशी साधने, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींना १० महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता. रक्कम मोठी नाही. पण तीही मोजलेल्या मुलांमागेच येते. ज्याच्या रकान्यात ‘लागू नाही’ आहे, त्याच्या नावाने एक रुपयाही निघत नाही. एखाद्या मोहल्ल्यात अशी वीस मुले असतील आणि नोंद दोघांचीच असेल, तर सरकारच्या लेखी तिथे विशेष शिक्षकाची गरजच नसते.

लपवलेले मूल

इथे सरकारला दोष देऊन आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्याच घरांत ही मुले लपवली जातात. मोठ्या बहिणीचा रिश्ता अडेल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, नजर लागली असे वाटून. कोणी दर्ग्यावर नेते, कोणी तावीज बांधते. दुआ जरूर करावी. पण पैगंबरांनी (स.) इलाज करण्यापासून कोणाला रोखलेले नाही, उलट इलाज करा असेच सांगितले आहे.

सूरह अबसची पार्श्वभूमी आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकली आहे. एक अंध सहाबी, हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.), शिकण्यासाठी आले. त्या वेळी मक्केतल्या बड्या सरदारांशी बोलणे चालले होते. अंध माणसाची ज्ञानाची तहान सरदारांच्या मजलिशीपेक्षा मोलाची आहे, ही तालीम त्या प्रसंगाने कायमची दिली. पुढे हेच इब्ने उम्मे मकतूम मदिनेत मुअज्जिन झाले आणि पैगंबर (स.) प्रवासाला गेले असता मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. ज्या उम्मतीच्या इतिहासात एका अंध व्यक्तीच्या हाती शहर सोपवले गेले, त्या उम्मतीत आज अंध मूल मागच्या खोलीत का बसावे?

आपण काय करू शकतो

जून-जुलैत, शाळा सुरू होताच मुलाचे नाव शाळेच्या नोंदीत आणि आधारवर एकसारखे आहे का, ते स्वतः पाहावे. फरक असेल तर जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावा. ३० सप्टेंबर उलटल्यावर केलेली दुरुस्ती त्या वर्षाच्या शिक्षकाला उपयोगी पडत नाही.

मूल हाकेला ओ देत नसेल, फळ्यावरचे दिसत नसेल, वयाप्रमाणे बोलत नसेल, अक्षरे सतत उलटी लिहीत असेल, तर थांबू नये. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. मोमीनपुऱ्याला मेयो रुग्णालय जवळ आहे, मेडिकल आहे. शहरात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संमिश्र क्षेत्रीय केंद्रही आहे, जिथे तपासणी आणि थेरपीचे मार्गदर्शन मिळते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. कार्ड मिळाले की त्याची प्रत शाळेत देऊन नोंद बदलल्याची खात्री करावी. दहावी-बारावीला लेखनिक, जादा वेळ अशा सवलती मिळतात त्याही याच कागदांच्या आधारे.

२५ टक्के जागांचे अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतात. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला दिवाळीनंतर लगेच काढून ठेवावा.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. पालिकेच्या शाळेत तिचे ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि सदस्यांत निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. आपल्या आया-बहिणींनी तिथे जाऊन तीन प्रश्न विचारावेत: मंजूर पदे किती, भरलेली किती, विशेष गरजांची मुले किती नोंदली आहेत? उत्तर लेखी मागावे. पालिकेच्या शाळेची तक्रार पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, खासगी अनुदानित शाळेची जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. दिव्यांग मुलांच्या बाबतीत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही.

आणि एक विनंती मस्जिद कमिट्यांना. जकातीची, कुर्बानीची यादी आपण घरोघर फिरून करतो. सप्टेंबरच्या एका जुम्म्याला एवढीच घोषणा करावी: ज्यांच्या घरी शाळेबाहेरचे किंवा दिव्यांग मूल आहे, त्यांनी नमाजनंतर थांबावे, अर्ज भरायला मदत मिळेल. मोहल्ल्यातली दोन शिकलेली मुले आणि एक मोबाईल एवढ्यावर हे काम होते.

भाचीच्या मुलाचे प्रमाणपत्र निघाले, कानाला यंत्र बसले. ३० सप्टेंबरपूर्वी शाळेने त्याची नोंद बदलली. आता आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका येतात. त्या मनापासून शिकवतात, पण त्यांना उर्दू वाचता येत नाही आणि मुलाची पुस्तके उर्दूत. मग भाची मधे बसते. लहानपणी कुरआनसाठी शिकलेल्या अक्षरांच्या आधारावर तिने उर्दू वाचायला घेतले आहे. शिक्षिका तिला मराठीतून सांगतात, ती मुलाला उर्दूतून. हे काम खरे तर उर्दू जाणणाऱ्या विशेष शिक्षकाचे आहे आणि तो मागण्याचा अर्ज तिने दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही.

परवा फोनवर ती म्हणाली, “मामू, वहीतली एक ओळ त्याने स्वतः वाचली. अडखळत वाचली, पण वाचली.”

दोन वर्षे उशिरा का होईना, एक मूल मोजणीत आले. आपल्या घरातले, शेजारच्या घरातले मूल कोणत्या रकान्यात आहे, हे पाहायला आपण केव्हा जाणार?